आजारी पडणें आणि उठणें

गेल्या पावसाळ्यांत आमच्या मावशी न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या. वय अठ्ठ्याहत्तर. खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया यथासांग पार पडली, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही नातेवाईक फळें घेऊन इस्पितळांत पोहोंचलों. तों काय पाहतों, एक विशी-बाविशीची मुलगी मावशींना खाटेच्या कडेवर बसवून त्यांचे पाय खालीं सोडवीत आहे! मावशींच्या कपाळावर घाम आणि डोळ्यांत पाणी. मुलगी मात्र शांतपणें म्हणत होती, "आजी, आतां उभें राहायचें." माझे मेहुणे मोठे करारी गृहस्थ. ते संतापले. "काल टांके घातले आणि आज कवाईत?" असें त्यांनीं तिला विचारलें. तिनें त्यांच्याकडे न पाहतांच उत्तर दिलें, "काका, आज उभ्या राहिल्या नाहींत तर आठ दिवसांनीं फार जड जाईल." आणि वॉकरचा आधार देऊन तिनें मावशींना खरोखरच उभें केलें. त्या मोजून तीन पावलें चालल्या, आणि तीं तीन पावलें पाहून आम्हांलाच धाप लागली.

मी वैद्य नव्हें. जुन्या ग्रंथांत आणि कागदांत रमणारा एक साधा शिक्षक आहें. परंतु मेहुण्यांचा राग मला अगदींच अनाठायीं वाटला नाहीं. हेच शब्द त्यांनीं शंभर वर्षांपूर्वीं लंडनच्या एखाद्या इस्पितळांत उच्चारले असते, तर तेथील नामांकित शस्त्रवैद्यांनीं त्यांचीच बाजू घेतली असती, आणि त्या मुलीला बहुधा नोकरीस मुकावें लागलें असतें. आपली भाषाहि मेहुण्यांच्याच बाजूची आहे. मराठींत मनुष्य आजारी 'पडतो', 'अंथरूण धरतो', अखेर 'अंथरुणाला खिळतो'. आणि बरा होतो तेव्हां दुखण्यांतून 'उठतो'. पडणें म्हणजे आजार व उठणें म्हणजे आरोग्य, हें समीकरण आपल्या अंगवळणीं पडलेलें आहे. उठणें हें बरें होण्याचें केवळ फळ नसून त्याचें साधनहि असूं शकेल, ही गोष्ट बहुसंख्य वैद्यांना पटण्यास विसावें शतक जवळजवळ अर्धें उलटावें लागलें.

विश्रांतीचें शास्त्र कांहीं अडाण्यांनीं रचलेलें नव्हतें. लंडन येथील गाइज हॉस्पिटलचे शस्त्रवैद्य जॉन हिल्टन यांनीं १८६० ते १८६२ या काळांत रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्यें जीं व्याख्यानें दिलीं, त्यांचा ग्रंथ १८६३ सालीं निघाला. निसर्ग स्वतःच दुरुस्ती करीत असतो, वैद्यानें त्याच्या कामांत व्यत्यय येऊं देऊं नये, असा त्यांचा आशय होता. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस हे त्याच मताचे. मोडलेला पाय स्थिर ठेवण्यासाठीं त्यांनीं जी लोखंडी चौकट योजिली, तिनें पुढें पहिल्या महायुद्धांत मांडीचें हाड मोडलेल्या अनेक सैनिकांचे प्राण वांचविले. मोडलेल्या हाडाला आणि सुजलेल्या सांध्याला स्वस्थता हवी, हें खरेंच होतें. चूक झाली ती पुढें. एका हाडाला लागू असलेला नियम सबंध माणसाला लावला गेला, आणि हाडाबरोबर त्याचें हृदय, फुप्फुसें, आंतडीं व मन यांनाहि खाटेवर निजवून ठेवण्यांत आलें.

क्षयाच्या बाबतींत तर विश्रांति हेंच औषध झालें. डोंगरावरची हवा, दूध, अंडीं आणि महिनोन्महिने खाट. आपल्याकडे मिरजेजवळ वॉनलेसवाडीस याच हेतूनें आरोग्यधाम उभारलें गेलें. अनेक मराठी घरांतील वडीलधाऱ्या माणसांनीं तरुणपणाचीं दोन-दोन वर्षें अशा खाटांवर काढलेलीं आहेत. औषधें निघाल्यावरहि ही खाट सुटेना. अखेर मद्रास येथें एक प्रयोग झाला व त्याचा वृत्तांत १९५९ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं क्षयरोग्यांना आरोग्यधामांत ठेवून, उत्तम अन्न व पूर्ण विश्रांति देऊन औषधें दिलीं. कांहींना तींच औषधें दाटीवाटीच्या वस्तींतील त्यांच्या घरींच दिलीं. दोन्ही ठिकाणीं रोगी जवळजवळ सारखेच बरे झाले. जगभरचीं आरोग्यधामें बंद पडूं लागलीं, त्यांत मद्रासच्या या प्रयोगाचा मोठा वांटा आहे. आपल्या लोकांना ही गोष्ट फारशी ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम सांगितली.

इतर विभागांतहि तोच प्रकार. पोटाची शस्त्रक्रिया झालेला रोगी दोन-दोन आठवडे उताणा. हृदयविकाराचा झटका आलेल्या गृहस्थाला सहा आठवडे हालचाल वर्ज्य. कित्येकदां घांससुद्धां परिचारिकेनें भरवावयाचा. बाळंतिणीला दहा दिवस पाय जमिनीला लावण्याची बंदी. आमच्या घरच्या वडील बायका सव्वा महिन्याची बाळंतिणीची खोली सांगत. पण त्या खोलींतल्या खोलींत ती हिंडेफिरे, हें पाश्चात्त्य प्रसूतिगृहापेक्षां शहाणपणाचेंच म्हणावयाचें. आणि मग एक चमत्कारिक प्रकार वारंवार घडे. जखम सुंदर भरून आलेली, ताप नाहीं, रोगी उद्यां-परवां घरीं जावयाचा. तो पहिल्यानेंच खाटेवरून उठतो, दोन पावलें टाकतो आणि छातीवर हात ठेवून कोसळतो. लोक म्हणत, लौकर उठला म्हणून गेला. खरें कारण उलट होतें. चालतांना पोटऱ्यांचे स्नायु आवळून रक्त वर ढकलतात. ते स्वस्थ पडले म्हणजे पायांच्या नीलांत रक्त सांचतें व गोठतें, आणि ती गुठळी एखाद्या दिवशीं सुटून फुप्फुसांत जाऊन अडकते. मनुष्य लौकर उठल्यानें गेला नव्हता. तो उशिरां उठल्यानें गेला होता.

शिकागो येथील एमिल रीस यांनीं १८९९ सालींच पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर स्त्रियांना लौकर खाऊं घालून लौकर चालावयास लावल्याचा अनुभव प्रसिद्ध केला होता. कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. वैद्यकाच्या इतिहासांत एखादी गोष्ट सिद्ध होणें आणि ती मानली जाणें यांत चाळीस-चाळीस वर्षांचें अंतर पडतें, याचें हें एक उदाहरण. तें अंतर अखेर तुटलें तें युक्तिवादानें नव्हे, तर दुसऱ्या महायुद्धांतील टंचाईनें. खाटा कमी, परिचारिका कमी, जखमी मात्र अगणित! नाइलाजानें रोग्यांना लौकर उठवावें लागलें, आणि नाइलाजानें उठविलेले रोगी अधिक लौकर बरे होऊं लागले. १९४४ सालीं अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांत विश्रांतीच्या दुरुपयोगावर एकामागून एक लेख आले. १९४७ च्या डिसेंबरांत लंडनचे वैद्य रिचर्ड ॲशर यांनीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें अंथरुणावर पडून राहण्याचे धोके एकेक इंद्रिय घेऊन मोजून दाखविले: फुप्फुस, रक्तवाहिन्या, कातडी, स्नायु, हाडें, मूत्रमार्ग, आंतडीं आणि शेवटीं मन. लेख लहानच, परंतु इतका खुसखुशीत कीं वैद्यकाचे विद्यार्थी तो अजूनहि वाचतात.

आतां ज्या गृहस्थांमुळें हा विषय मला केवळ वैद्यकाचा न वाटतां इतिहासाचा वाटतो, त्यांच्याकडे वळतों.

लुडविग गुटमन यांचा जन्म १८९९ सालीं जर्मनीच्या सायलेशिया प्रांतांत एका ज्यू कुटुंबांत झाला. १९१७ सालीं, अठरा वर्षांचे असतांना, ते अपघाताच्या एका इस्पितळांत मदतनीस म्हणून काम करीत होते. तेथें पाठीचा कणा मोडलेला एक धिप्पाड, तरुण खाणकामगार आणला गेला. गुटमन त्याची टिपणें लिहूं लागले तेव्हां त्यांना सांगण्यांत आलें कीं, फार लिहूं नका, हा कांहीं आठवड्यांतच जाणार. तसेंच झालें. पाठीला व्रण पडले, लघवींत पू झाला, आणि पांच आठवड्यांत तो तगडा माणूस नाहींसा झाला. हा प्रसंग त्यांच्या मनांतून कधींच गेला नाहीं.

पुढें ते ब्रेस्लाव येथें मज्जातंतूंच्या विकारांचे नामांकित वैद्य झाले. १९३३ सालीं हिटलरच्या राज्यांत त्यांना सरकारी रुग्णालयांतून काढण्यांत आलें; ते तेथील ज्यू रुग्णालयांत गेले. १९३८ च्या नोव्हेंबरांत ज्या रात्रीं जर्मनींत ज्यूंचीं प्रार्थनामंदिरें जाळलीं गेलीं, त्या रात्रीं गुटमन यांनीं आज्ञा केली कीं, दाराशीं येईल त्याला, आजारी असो वा नसो, दाखल करून घ्यावें. चौसष्ट माणसें आंत घेतलीं गेलीं. दुसऱ्या दिवशीं गुप्त पोलीस आले. गुटमन एकेका खाटेपाशीं थांबून एकेका धडधाकट माणसाचा कांहीं ना कांहीं रोग सांगत गेले. चौसष्टांपैकीं साठ जण वांचले. खाटेवर निजविल्यानें जीव वांचतो याचें याहून सरळ उदाहरण नसेल. आणि हाच मनुष्य पुढें लोकांना खाटेवरून उठविण्याबद्दल प्रसिद्धीस यावा! १९३९ सालीं ते पत्नी व दोन मुलांसह इंग्लंडांत आश्रयास आले.

युरोपच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवावयाचें ठरत होतें आणि पाठीचे कणे मोडलेले सैनिक मोठ्या संख्येनें येणार हें उघड होतें. म्हणून ब्रिटिश सरकारनें बकिंगहॅमशायर परगण्यांतील स्टोक मँडेव्हिल या खेड्याच्या इस्पितळांत एक विभाग उघडून तो गुटमन यांच्या हवालीं केला. दिवस १ फेब्रुवारी १९४४. पहिल्या महायुद्धांत अशा जखमींपैकीं बहुतेक सारे मेले होते, आणि त्यांना मरूं देणें हीच दया, असें मानणारे वैद्य अजूनहि होते. कित्येक सैनिक प्लॅस्टरच्या सांच्यांत घातलेले येत. सांचा फोडला कीं आंतून कुजक्या मांसाचा वास येई.

गुटमन यांनीं सांचे काढून टाकले. त्यांचा पहिला नियम अगदीं साधा होता. दर दोन तासांनीं, दिवसा आणि रात्रीं, रोग्याला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवावयाचें. आपण झोंपेंत नकळत कूस बदलतों, कारण दबलेली कातडी कुरकुर करते. ज्याची जाणीवच गेली त्याला ती कुरकुर ऐकूं येत नाहीं. भाराखालीं रक्त पोहोंचत नाहीं आणि कातडी मरते. हें वळविण्याचें काम बिनचूक होतें कीं नाहीं, हें पाहण्यास गुटमन स्वतः मध्यरात्रीं येऊन उभे राहत. वृत्तीनें ते कडक, तापट आणि हट्टी होते. परिचारिका त्यांना भीत, आणि रोगी त्यांना पाठीमागें 'पॉपा' म्हणत.

व्रण भरले, लघवीचा विषार थांबला. पण तेवढ्यानें भागणारें नव्हतें. तुटलेला मज्जारज्जु सांधत नाहीं, आणि असल्या चमत्काराची आशा गुटमन यांनीं कोणालाहि दाखविली नाहीं. जें गेलें तें गेलें; जें उरलें आहे त्याला दुप्पट काम शिकवावयाचें, ही त्यांची रीत. कंबरेखालीं जाणीव नसलेल्या माणसाला नुसतें बसणें हेंहि दोरीवरच्या कसरतीसारखें असतें. म्हणून त्याला आरशासमोर बसवीत, म्हणजे डोळ्यांनीं तोल सांभाळतां यावा. मग त्याच्याकडे जड चेंडू फेंकीत. मग दंडाची आणि खांद्याची ताकद, अंथरुणांतून चाकांच्या खुर्चींत जाणें, खुर्चींतून परत अंथरुणांत. सकाळीं व्यायाम, दुपारीं सुतारकाम किंवा घड्याळदुरुस्ती. या इस्पितळांत आजारी असण्यालाहि सवड मिळत नाहीं, अशी एका रोग्यानें तक्रार केल्याचें सांगतात.

खेळ त्यांत कसे शिरले, ही गोष्ट गमतीची आहे. कांहीं सैनिक चाकांच्या खुर्च्यांत बसून, हातांतल्या काठ्यांनीं एक चकती इकडून तिकडे मारीत होते. गुटमन यांनीं तें पाहिलें, आणि रागें भरण्याऐवजीं स्वतः खुर्चींत बसून त्यांत भाग घेतला. तो खेळ फार धसमुसळा ठरला म्हणून बंद करावा लागला. परंतु तासभर व्यायामशाळेंत कुरकुरणारा माणूस खेळांत दोन तास कुरकुरत नाहीं, हें त्यांनीं नेमकें टिपलें. धनुर्विद्येवर त्यांचा विशेष लोभ. तींत खांदे, पाठ व दंड तयार होतात, आणि पायांवर उभ्या असलेल्या माणसाशींहि बरोबरीनें सामना देतां येतो. २९ जुलै १९४८ रोजीं, ज्या दिवशीं लंडनमध्यें ऑलिंपिक सामन्यांचें उद्घाटन झालें त्याच दिवशीं, स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर चौदा पुरुष आणि दोन स्त्रिया यांनीं चाकांच्या खुर्च्यांतून बाण सोडले. हे सर्व युद्धांत जायबंदी झालेले. या सोळा जणांच्या सामन्याचे पुढें काय झालें हें आपण जाणतांच: १९६० सालीं रोम येथें सुमारें चारशें स्पर्धक जमले, आणि आज पॅरालिंपिक या नांवानें तो सोहळा जगभर पाहिला जातो. त्याचा उगम मैदानांत नव्हे, इस्पितळाच्या खाटेपाशीं झाला, हें मात्र पुष्कळांच्या लक्षांत राहत नाहीं.

या धाग्याचें एक टोंक आपल्या सांगली जिल्ह्यांत पोहोंचतें. तेथील मुरलीकांत पेटकर हे सैन्यांत कारागीर, आणि मुष्टियुद्धांतले कसलेले खेळाडू. १९६५ च्या युद्धांत त्यांना गोळ्या लागल्या. दीर्घ काळ ते शुद्धीवर नव्हते, आणि शुद्ध आली ती लुळ्या देहांत. मुंबईच्या नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयांत उपचार चालू असतांना पोहण्याचा व्यायाम सुचविण्यांत आला. पाण्यांत देहाचा भार उतरतो आणि दुबळे स्नायु जें जमिनीवर करूं शकत नाहींत तें तेथें करूं लागतात. १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें पेटकरांनीं ५० मीटरचें अंतर ३७.३३ सेकंदांत कापून सुवर्णपदक मिळविलें. भारताचें तें पहिलें पॅरालिंपिक सुवर्णपदक. हायडेलबर्ग जर्मनींत आहे. म्हणजे गुटमन यांना ज्या देशांतून परागंदा व्हावें लागलें, त्याच देशांत त्यांनीं सुरू केलेला खेळ एका मराठी सैनिकानें जिंकला. पेटकरांना पद्मश्री मिळाली ती मात्र २०१८ सालीं. शेहेचाळीस वर्षें! त्यावर मी अधिक बोलत नाहीं.

मुंबईंत या विद्येचें पाऊल पडलें तें बालपक्षघातामुळें. फातेमा इस्माईल या स्वातंत्र्यचळवळींतील बाई. त्यांच्या लहान मुलीचे पाय पोलिओनें गेले, तेव्हां त्या तिला घेऊन मद्रासचे डॉ. किणी यांच्याकडे गेल्या, आणि व्यायाम, मालिश, पाण्यांतील हालचाल यांनीं मुलीला आलेली उभारी पाहून १९४७ सालीं त्यांनीं मुंबईंत तशा मुलांसाठीं दवाखाना काढला. त्यानंतर थोड्याच वर्षांत परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत फिजिओथेरपीचें शिक्षण देणारी शाळा निघाली. मावशींना उभें करणारी ती मुलगी म्हणजे या परंपरेचीच आजची वंशज.

पडून राहण्यानें नक्की किती हानि होते, हेंहि मग मोजलें गेलें. १९४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कच्या प्रयोगांत चार निरोगी तरुणांना कंबरेपासून पायांपर्यंत प्लॅस्टर घालून सहा-सात आठवडे निजवून ठेवलें होतें. हाडांतील चुना लघवीवाटे वाहूं लागला, स्नायु झडले, आणि उभें करतांच त्यांना भोंवळ येऊं लागली. १९६६ सालीं अमेरिकेंत डॅलस येथें वीस वर्षांच्या पांच तरुणांना तीन आठवडे अंथरुणांत ठेवलें. त्यांची श्रमशक्ति चौथाईहून अधिक घटली. तीस वर्षांनीं, पन्नाशी गांठलेल्या त्याच पांच जणांना पुन्हां तपासलें, आणि असें दिसलें कीं, तीस वर्षांच्या वयानें त्यांचें जितकें नुकसान केलें, त्याहून अधिक त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानें केलें होतें. मेहुण्यांना हा आंकडा सांगितला तेव्हां ते प्रथमच गप्प बसले.

आतां तर कृत्रिम श्वासयंत्रावर असलेल्या रोग्यांनाहि गुंगींतून जागें करून हातपाय हालवावयास लावतात. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत अशा रोग्यांपैकीं ५९ टक्के इस्पितळांतून सुटतांना स्वतःचें स्वतः करूं शकत होते. नेहमींच्या पद्धतीनें ठेवलेल्यांत हें प्रमाण ३५ टक्केच होतें. पण माझे मेहुणे सर्वस्वीं हरले असेंहि नव्हे. २०१५ सालीं अर्धांगवायूच्या दोन हजारांहून अधिक रोग्यांवरील एका मोठ्या पाहणींत असें आढळलें कीं, झटक्यानंतर पहिल्या चोवीस तासांतच रोग्याला वारंवार व जोरानें उठविल्यास निष्कर्ष किंचित् वाईटच येतो. पूर्वीं सर्वांना निजविण्याचा सोस होता. आतां सर्वांना उठविण्याचा होऊं नये. कोणाला, केव्हां आणि किती उठवावयाचें, हें ज्याचें त्याचें शरीर पाहूनच ठरवावें लागतें, आणि तें पाहण्यासाठीं खाटेपाशीं थांबणारें माणूस लागतें. आमच्याकडील कित्येक इस्पितळांत त्याचीच वाण आहे. साठ खाटांमागें एक मुलगी धांवते आहे, असें मीं स्वतः पाहिलें.

मावशी नवव्या दिवशीं घरीं आल्या. घर दुसऱ्या मजल्यावर, चाळ जुनी, लिफ्ट नाहीं. त्या मुलीनें आदल्या दिवशीं त्यांना जिन्याचा मंत्र पढविला होता: चढतांना चांगला पाय आधीं, उतरतांना दुखरा पाय आधीं. एका हातानें कठडा धरून, मंत्र पुटपुटत मावशी चढल्या. पहिल्या मजल्यावर चौथाऱ्याशीं पांच मिनिटें थांबल्या, शेजारणीची चौकशी केली, आणि पुन्हां निघाल्या. त्यांच्यामागून मेहुणे वॉकर खांद्यावर घेऊन येत होते, आणि दर पायरीला म्हणत होते, "आधीं उजवा, मावशी, आधीं उजवा."

"मला ठाऊक आहे," मावशी म्हणाल्या.